वाळवीवर मुळांतली मात्रा

दप्तरखान्यातील रुमाल असोत, जुन्या वाड्याच्या तुळया असोत की नुकतेच लावलेले उसाचे बेणे असो, वाळवीच्या लेखी त्यांत कोणताही भेदाभेद नसतो. मातीचा ओलसर, बंदिस्त मार्ग रचीत ती काळोखातून येते आणि आपल्या कारभाराचा कोणास सुगावा लागण्यापूर्वीच आतला ऐवज फस्त करून टाकते. कांडीच्या कापलेल्या तोंडातून ती आत शिरते, मऊ गर खाते आणि रिकाम्या झालेल्या जागी माती भरून ठेवते; त्यामुळे साल वरून शाबूत दिसते, परंतु उगवण का होईना म्हणून शेतकऱ्याने कांडी उकरून दाबून पाहावी, तो साल चेपते आणि आतून निव्वळ माती सांडते.

या शत्रूचा बंदोबस्त करण्यासाठी गतशतकाच्या मध्यापासून आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर अशी जालीम रसायने जमिनीत ओतली गेली. मातीत वर्षानुवर्षे टिकून राहणे हा त्यांचा गुण मानला जात होता. पुढे तोच त्यांचा मोठा दोष ठरला, आणि भारत सरकारने १९९६ साली या तिघांवर बंदी घातली. त्यांच्या जागी आलेली क्लोरपायरिफॉससारखी औषधेही निर्धोक नव्हेत. तेव्हा वाळवीवरचा उतारा वनस्पतींच्या सहवासात राहणाऱ्या जिवाणूंकडेच मिळेल काय, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

वनस्पतीच्या मुळांतून शर्करा आणि अमिनो आम्ले सतत पाझरत असतात, आणि त्यांवर पोसणाऱ्या जिवाणूंची दाट वस्ती मुळांभोवती, काही प्रसंगी मुळांच्या आतही, नांदत असते. यांपैकी काही जिवाणू ग्लायसीन या साध्या अमिनो आम्लापासून हायड्रोजन सायनाइड हा वायू तयार करतात. हे विष आपल्या शेतकऱ्यास अगदीच अपरिचित नाही. ज्वारीचे कोवळे, पाण्याअभावी खुरटलेले पीक खाऊन जनावर दगावते, ते याच विषाने. प्राणवायूचा विनियोग करणाऱ्या श्वसनसाखळीतील अखेरचे विकर ते निकामी करते, आणि भोवती हवा असूनही प्राण्याच्या पेशी गुदमरतात. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली असे तीन मूलवासी जिवाणू 'ओडोन्टोटर्मिस ओबेसस' या आपल्याकडील वारूळ बांधणाऱ्या वाळवीवर योजून पाहिले आणि प्रयोगपात्रात ती सायनाइडने मरते, असे दाखविले. पुढे २००९ साली स्वित्झर्लंडमधील तंबाखूच्या मुळांशी सापडलेल्या आणि त्या पिकाचा मूळकूज रोगापासून बचाव करणाऱ्या 'स्यूडोमोनस'च्या 'सीएचए-शून्य' या वाणानेही वाळवीचे तेच विकर बंद पडते, असे सिद्ध झाले. असे जिवाणू थेट वारुळात सोडले, तर विष तेथल्या तेथे तयार होईल आणि मातीतील इतर जीव वाचतील, ही या संशोधनामागची कल्पना होती.

कल्पना मोहक खरी. परंतु काचपात्रातील वाळवी आणि वारुळातील वाळवी यांत महदंतर आहे. याच जातीच्या वारुळांचा बंगळूरला अभ्यास होऊन २०१५ साली असे प्रसिद्ध झाले, की दिवसा-रात्रीच्या तापमानाच्या फरकाने त्यांच्या पोकळ नळ्यांतून हवा खेळते आणि आत साठलेला कर्बवायू बाहेर जातो. जी व्यवस्था कर्बवायूस बाहेर काढते, ती सायनाइडलाही एके ठिकाणी साचू देणार नाही, असे मानणे भाग आहे. शिवाय वाळवीचा समाज आरोग्याच्या बाबतीत मोठा दक्ष असतो. कामकरी एकमेकांची अंगे चाटून रोगबीजे दूर करतात, प्रेते पुरतात आणि दूषित भाग भिंती घालून तोडून टाकतात. जैविक उपायांनी वाळवी आवरण्याच्या पन्नास वर्षांच्या प्रयत्नांचा झाडा २०११ साली एका समीक्षालेखात घेतला गेला. त्याच्या शीर्षकातच या प्रयत्नांना अपयश म्हटले होते. त्यावर कडी म्हणजे, फोर्मोसन वाळवीच्या घरट्यात वसणारे 'स्ट्रेप्टोमायसीस' जिवाणू मारक बुरशीपासून उलट तिचेच रक्षण करतात, हे २०१३ साली उघड झाले. जिवाणूंची फौज आपल्या बाजूस उभी करू पाहणाऱ्या मनुष्याने शत्रूच्या पदरीही तशीच फौज आहे, हे विसरून चालणार नाही.

आणखीही दोन गोष्टींची खबरदारी घेणे प्राप्त आहे. दिल्लीच्या प्रयोगातील 'एरोमोनस कॅव्हिई' हा जिवाणू मनुष्यास अतिसाराची बाधा करू शकतो. तो वाळवी मारतो एवढ्यावरून त्याला शेतात मोकळे सोडता येत नाही. तसेच सायनाइड करणारे काही मूलवासी जिवाणू रोपांचीही वाढ खुंटवितात. म्हणून कोणत्या पिकास कोणता वाण मानवतो, याची पारख आधी व्हावयास हवी.

मग या संशोधनाचे मोल काय? माझ्या मते, वारुळाचा नायनाट करण्याची जोखीम या जिवाणूंवर टाकू नये. बेण्याची आणि कोवळ्या मुळांची राखण एवढीच कामगिरी त्यांना द्यावी. उसाच्या शरीरात राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमध्ये वर्णिला गेला, आणि त्याच्या द्रावणात बेणे बुडवून लावण्याची प्रक्रिया महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांच्या अंगवळणी पडली आहे. त्या जिवाणूचा वाळवीशी संबंध नाही; परंतु जिवाणू कांडीपर्यंत पोहोचविण्याची वाट तयार आहे, आणि त्याच वाटेने वाळवीस परतविणारा, पिकास व मनुष्यास निरुपद्रवी असा वाण नेता येईल किंवा नाही, हे हलक्या, कोरडवाहू जमिनीत तपासून पाहण्याजोगे आहे.

सरसकट संहार इष्टही नाही. जगातील सुमारे ३००० जातींपैकी उपद्रवी जाती अगदी थोड्या; बाकीच्या पालापाचोळा कुजवून मातीचा कस राखतात, आणि पावसाळ्यात कोकण-गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी वाळवीने जोपासलेल्या बुरशीचीच असते. म्हणून कृषी विद्यापीठांनी आणि साखर कारखान्यांनी या जिवाणूंच्या चाचण्या निरनिराळ्या जमिनींत, निदान काही हंगाम, घ्याव्यात आणि त्यांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, शेतकऱ्यांपुढे मांडावेत. तोवर 'वाळवीवर रामबाण जैविक औषध' अशी चिठ्ठी लावलेली बाटली कोणी पुढे केलीच, तर खिशात हात घालण्यापूर्वी वाचकांनी एवढेच विचारावे, की यात कोणता जिवाणू आहे आणि तो कोणाच्या शेतात पारखला गेला आहे.