अहेरीच्या रस्त्याला पुरणारी सायकल

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. शाळा पाच किलोमीटरच्या आत असणाऱ्या मुलींसाठी ही मदत आहे. पैसे बँक खात्यात येतात, म्हणजे सायकल कोणती घ्यायची ते घरच्यांनीच ठरवायचे. अहेरी तालुक्यात हे ठरवणे शहरातल्यापेक्षा अवघड जाते. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटरवर आणि रेल्वे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, वडशाला. एखादा सुटा भाग इथल्या दुकानात नसला की तो येईपर्यंत वाट पाहायची, आणि तोवर पोरीने पायी जायचे, नाहीतर शाळा बुडवायची. म्हणून भरवशाची सायकल कोणती, याचे माझे उत्तर सरळ आहे: जिचा प्रत्येक भाग अहेरी-आलापल्लीच्या साध्या दुकानात मिळेल आणि पाना-हातोडी घेऊन बसलेला कोणताही मिस्त्री तो बसवू शकेल, ती.

या कसोटीला जुनी २२ इंची काळी सायकल अजूनही पहिली उतरते. लोखंडी सांगाडा, २८ इंची चाके, पुढे ३२ तारा आणि मागे ४०. मागे आठ तारा जास्त, कारण चालवणाऱ्याचे आणि कॅरिअरवरच्या पोत्याचे बहुतेक ओझे मागच्या चाकावरच येते. खड्ड्यात एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा चाकाला घरापर्यंत आणतात. पुढच्या चक्राला ४४ दात आणि फ्रीव्हीलला १८, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटरच्या पुढे सरकते. अहेरी-आलापल्लीच्या सात-आठ किलोमीटरला हा हिशेब पुरेसा आहे. हीरो, एव्हन, हर्क्युलस, कोणाचीही घ्या, या जातीच्या सायकलींचे टायर, चेन, पॅडलच्या दांड्याचा कॉटर, बेअरिंगच्या गोळ्या बहुतेक एकमेकींना चालतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. कामगारांवर त्या दिवशी जे कोसळले ते फार वाईट होते. पण ज्यांच्या घरी अ‍ॅटलास होती, त्यांना टायरसाठी अडून बसावे लागले नाही. मापे एका कंपनीच्या मालकीची नसली की असा आधार मिळतो.

मुलींना मधली दांडी अडचणीची, त्यांनी २६ इंची लेडीज सायकल घ्यावी. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. टायरवर नुसते २६ वाचून भागत नाही. २६ × १⅜ चा टायर जाड टायरच्या २६ × १.९५ सायकलीला बसतच नाही. दोन्ही रिमच्या व्यासात तीन सेंटिमीटरचा फरक आहे. आपल्या दुकानात कोणते माप कायम असते ते आधी विचारावे आणि मग सायकल निवडावी.

यावर पहिला आक्षेप येतो गिअर आणि शॉकअपचा. थोडे पैसे घातले की तशी सायकल मिळते, मग जुन्या घडणीची का? कारण पैसे तेवढेच असतात. त्यातले शॉकअप आणि गिअरवर गेले की हब, रिम आणि बेअरिंगला कमी उरतात, आणि सायकल तर याच तिघांवर चालते. पावसाळ्यात चिखल भरला, गिअरचा हात वाकला, की नेमके माप जुळवणारा माणूस जवळपास सापडणे कठीण. वजनाची तक्रार खरी आहे. काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. चढ जड जात असेल तर १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे, वेग थोडा कमी होतो, पाय हलके पडतात. मोटारसायकलच का नको, असेही विचारतात. पण आठवी-नववीतल्या मुलीला परवानाच मिळत नाही.

ब्रेकचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. लोखंडी रिम ओली झाली की रबर घसरते आणि सायकल लवकर थांबत नाही. आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, तिथे ही गोष्ट हलक्यात घेता येणार नाही. पदरचे चार पैसे घालता येत असतील तर ते अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर घालावेत. ओल्यातही तिच्यावर ब्रेक बरा धरतो. नसेल जमत, तर मृगाच्या आधी ब्रेकची रबरे बदलावीत आणि पावसात ब्रेक थोडा आधीपासून दाबत यावे.

आणखी एक गोष्ट विकत घेतानाच बघायची. सायकल दुकानात अर्धवट सुटी येते, तिथे ती जोडली जाते, आणि चांगला माल वाईट जोडणीने वाया जातो. म्हणून पैसे देण्याआधी सायकल उलटी करून चाक फिरवा. रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. चाक धरून आडवे हलवा, खडखडले तर हबचा कोन सैल आहे. पॅडल मारताना दर फेऱ्याला टक् आवाज आला तर कॉटर नीट ठोकलेला नाही. वालट्यूबचे दोन तुकडे दप्तरात ठेवा. आणि पंधरा दिवसांनी सायकल त्याच दुकानात नेऊन तारा आणि कॉटर पुन्हा आवळून घ्या. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही दिवसांतच सैल पडतात.