कारखान्यातली वकील

खेडच्या कोर्टात मी आता काळा कोट घालून उभी राहत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात पगारी नोकरी धरली, तेव्हा बार कौन्सिलच्या ४९व्या नियमानुसार वकिली थांबवावी लागली. पूर्णवेळ नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. खटला उभा राहिलाच तर बाहेरचे वकील लढतात. कागद, तारखा, साक्षीदार यांची तयारी माझ्याकडे.

पण माझं खरं काम खटला होऊ नये यासाठीचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत केव्हा संपते, त्यात किती उत्पादन मंजूर आहे, हे मला तोंडपाठ हवं. घातक कचऱ्याचा ट्रक फाटकाबाहेर पडताना २०१६च्या नियमांप्रमाणे सोबत मॅनिफेस्ट लागतं: कचऱ्याचा प्रकार, प्रमाण, गाडीचा नंबर, माल कुठे उतरणार. वजनकाट्याची पावती आणि मॅनिफेस्टवरचा आकडा जुळला नाही तर मी गाडी थांबवते, उत्पादन विभाग कितीही घाई करो. इथलं सांडपाणी शेवटी दाभोळच्या खाडीकडेच जातं आणि तिच्यावर मच्छीमारांची चूल पेटते. मालकांना 'नाही' म्हणता येणं कायद्याच्या पदवीइतकंच गरजेचं आहे.

आणखी एक. नोकरीतल्या वकिलाला वकील-अशील गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ला स्पष्ट केलं. त्यामुळे माझा ईमेल उद्या कोर्टापुढे येऊ शकतो, हे धरूनच मी लिहिते आणि नाजूक प्रकरणात बाहेरच्या वकिलांचा सल्ला वेळेत घ्यायला लावते.