बिघडलेल्या ट्रान्झिस्टरचा नाद

एका व्होल्टला एक सप्तक. अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने जो सिंथेसायझर घडवला, त्याचा सगळा सुरेलपणा या नियमावर उभा आहे. पट्टी दाबली की तिच्या वाट्याचा विद्युतदाब सूर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरकडे जातो. दाब एका व्होल्टने चढला की कंपनसंख्या दुप्पट होते आणि सूर वरच्या सप्तकात पोचतो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचं अंतर सुमारे 83 मिलिव्होल्ट!

दाब सारख्या पायऱ्यांनी चढतो, कंपनसंख्या मात्र सप्तकागणिक दुप्पट होत जाते. हे गणित करायला आत संगणक नाही. ते ट्रान्झिस्टर करतो, निव्वळ स्वभावाने. त्याच्या दोन पायांमधला दाब जेमतेम 18 मिलिव्होल्टने वाढला की त्यातून वाहणारी धारा दुप्पट होते. सिलिकॉनच्या अंगातच जो गुण होता, तो मूग यांनी संगीताच्या कामाला लावला. याचं मला आजही नवल वाटतं.

पण सिलिकॉनचा हा स्वभाव तापमानानुसार बदलतो. खोली एका अंशाने तापली की ते 18 मिलिव्होल्ट सुमारे एक तृतीयांश टक्क्याने सरकतात. ऐकायला नगण्य वाटतं. हिशेब करून पाहा: काहीच उपाय केला नाही, तर पाच सप्तकांच्या टोकाला सूर कोमल ऋषभाच्या वाटेवर एक पंचमांश ढळलेला असतो. हे अंतर आपल्या प्रमाणश्रुतीच्या अगदी जवळचं आहे. अंशभर उष्म्याला एक श्रुती! म्हणून त्या ट्रान्झिस्टरला खेटून असा एक रेझिस्टर बसवतात, जो उष्णतेबरोबर नेमका उलटा हिशेब करून चूक भरून काढतो. मूग यांच्या 'मिनीमूग' या सिंथेसायझरच्या नंतरच्या नगांत तर स्वतःला सतत तापवून एकाच तापमानावर ठेवणारी चिप होती. ती चिप बनणं कधीच थांबलं आहे. तरीही थोडं डळमळणं उरतंच, आणि दोन-तीन ऑसिलेटर एकत्र वाजताना त्यांच्यात जी हलकी आस घुमते ती त्यातूनच येते. जाणकार वादक यंत्र अर्धा तास आधी चालू करून ठेवतात आणि मगच सुरात लावतात, मैफलीआधी तंबोरा लावून घ्यावा तसं.

ही यंत्रं जपणं इतकं अवघड का, ते इथेच कळतं. यांचा आवाज आराखड्यात जेवढा असतो, तेवढाच त्या-त्या सुट्या भागात असतो. याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र. 1980 साली बाजारात आलेल्या या यंत्राच्या झांजेतली खास सरसर कुठून आली? सदोष ट्रान्झिस्टरमधून. कारखान्यांनी नापास केलेल्या ट्रान्झिस्टरांतून कंपनीने मुद्दाम निवडून घेतलेले नग त्यात बसवले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याची कला सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला आणि 1983 मध्ये 808 चं उत्पादन थांबलं. आज कुणी या यंत्रात निर्दोष ट्रान्झिस्टर बसवला, तर दुरुस्ती बिनचूक होईल, पण झांज हरवेल.

बाकीची दुखणी तशी नित्याची, पण एकेकाची तऱ्हा निराळी. कॉर्ग कंपनीच्या 1981 च्या पॉलिसिक्स सिंथेसायझरमध्ये बसवलेले आवाज लक्षात राहावेत म्हणून एक छोटी बॅटरी असते. ती म्हातारी झाली की पाझरते आणि शेजारच्या सर्किटवरचं तांबं खाऊन टाकते. रोलँडच्या जूनो-106 मध्ये सहा आवाजांसाठी सहा छोटे मॉड्यूल आहेत, रक्षणासाठी राळेत बुडवलेले. वर्षं सरली तशी ती राळच वीज झिरपू द्यायला लागली आणि आवाज एकेक करून कुरकुरायला, गप्प व्हायला लागले. संग्राहकांनी शोधलेला उपाय धाडसी आहे: मॉड्यूल काढायचं, अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवायचं, राळ सोलायची. बरेचदा आवाज परत येतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं वेगळंच. त्यांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर वापराविना झिजतो. अनेक वर्षं बंद असलेलं यंत्र थेट सॉकेटला लावणं धोक्याचं, म्हणून काही कारागीर डिमरस्टॅटने दाब हळूहळू चढवत नेतात. काचेच्या कपाटात निव्वळ ठेवलेला सिंथेसायझर आतून मरत असतो, तेव्हा वाजवत राहणं हाही जतनाचाच भाग आहे. कॅनडात कॅल्गरीच्या नॅशनल म्युझिक सेंटरने हे ओळखलं. स्टीव्ही वंडर यांच्या 1970 च्या दशकातल्या गाण्यांत वाजलेला 'टॉन्टो' हा अवाढव्य सिंथेसायझर त्यांनी 2013 मध्ये मिळवला, काही वर्षं खपून दुरुस्त केला आणि तो कलाकारांना वाजवायला दिला.

आपल्याकडचा इतिहासही रोमांचक आहे. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा सिंथेसायझर आला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभारायला मदत केली, गीता साराभाई यांच्यासारख्यांनी त्यावर रचना केल्या. त्या टेप कित्येक दशकं विस्मरणात पडून होत्या. त्यांतलं निवडक संगीत 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईत चरणजित सिंग या वादकाने 1982 मध्ये ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303 ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेल्या त्या डबीत सिंग यांना मींड दिसली! शिकागोच्या तरुणांनी याच डबीतून 'अ‍ॅसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार घडवला, तो त्यानंतर काही वर्षांनी. सिंग यांची तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले.

आवाज टेपवर टिकला की पुरे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. टेपवर एका दिवसाचं वादन उरतं. त्या यंत्रातून निघू शकले असते असे बाकीचे सगळे सूर यंत्राबरोबर जातात. त्यामुळे रीगा शहरातल्या आल्फा कंपनीचं मला फार कौतुक वाटतं. 1980 च्या आसपासच्या कितीतरी सिंथेसायझरांत सीईएम-3340 ही ऑसिलेटरची चिप होती, आणि आल्फा तिची जुळी, एएस-3340, आजही बनवते. जुन्या यंत्राच्या सॉकेटात ती पायाला पाय जुळवून बसते. मग ट्यूनिंगचे स्क्रू नव्याने फिरवून सप्तक पुन्हा एका व्होल्टवर आणायचं, एवढंच काम राहतं.