मोंटोया फ्लॉप झाला का? फॉर्म्युला वनमधून नासकारमध्ये जाताना नेमकं काय बदलतं

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे घाईत सुटलं, ते इथे नीट मांडलंय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. त्याने एक रील पाहिली होती. रात्रीची शर्यत, ट्रॅक वाळवणारी एक अवजड गाडी, तिला मागून धडकणारी रेस कार आणि मग आगीचा डोंब. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘फॉर्म्युला वनचा हिरो, नासकारमध्ये झीरो.’ त्याचा प्रश्न सरळ होता: “दादा, हा मोंटोया तिकडे जाऊन फ्लॉप झाला का?”

आधी त्या रीलबद्दल. ती २०१२ च्या डेटोना ५०० ची आहे. शर्यत पिवळ्या झेंड्याखाली होती, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी केला होता. मोंटोया मागे पडलेला असताना त्याच्या गाडीच्या मागच्या भागात काहीतरी तुटलं आणि गाडी थेट त्या जेट ड्रायरवर गेली. सुदैवाने कुणाला गंभीर इजा झाली नाही. त्यात ड्रायव्हिंगची चूक नव्हती. पण माणसाची अख्खी कारकीर्द वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये मावते, हे आपल्या काळाचं वैशिष्ट्य आहेच.

हा माणूस कोण?

हुआन पाब्लो मोंटोया कोलंबियातल्या बोगोटाचा, जन्म १९७५ चा. अमेरिकेतल्या कार्ट मालिकेत १९९९ साली पहिल्याच वर्षी चॅम्पियन. २००० मध्ये इंडियानापोलिस ५०० ही शर्यत पहिल्याच प्रयत्नात जिंकली, तीही २०० पैकी १६७ लॅप आघाडीवर राहून. मग फॉर्म्युला वन: आधी विल्यम्स, नंतर मॅकलारेन. तिथे सात विजय, त्यातला एक मोनॅकोचा. मायकेल शूमाखर ऐन भरात असताना त्याला न घाबरता भिडणाऱ्या मोजक्या लोकांत हा होता.

२ जुलै २००६ ला इंडियानापोलिसलाच अमेरिकन ग्रां प्री झाली. पहिल्याच लॅपमध्ये मोंटोयाची गाडी त्याच्याच टीममेटला, किमी रायकोनेनला, धडकली. दोघंही बाहेर. ती त्याची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत ठरली. आठवड्याभरात बातमी आली की तो नासकारमध्ये जातोय, आपले जुने मालक चिप गनासी यांच्याकडे.

इंडियानापोलिस हे नाव लक्षात ठेवा. आजची गोष्ट पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

गाडीत बदललं काय?

फॉर्म्युला वन म्हणजे ओपन-व्हील: चाकं उघडी, ड्रायव्हरचं डोकं बाहेर. २००६ ची गाडी ड्रायव्हर धरून साधारण ६०० किलोची. तिचे पंख हवेचा दाब वापरून तिला रस्त्यावर दाबतात. म्हणजे जितकी जोरात जाल, तितकी ती रस्त्याला जास्त चिकटते. वळणावर भीती वाटली की पाय उचलावासा वाटतो, पण पाय उचलला की पकडच कमी होते. त्यामुळे त्या ड्रायव्हरच्या अंगात एक सवय मुरते: गाडीवर विश्वास ठेव, उशिरा ब्रेक दाब आणि जोरात दाब.

नासकारची स्टॉक कार वरून आपल्या ओळखीच्या सेडानसारखी दिसते. पूर्वी खरंच शोरूमच्या गाड्या पळवायचे, म्हणून ‘स्टॉक’. आता फक्त चेहरा तसा, आत पोलादी पाइपांचा सांगाडा. मोंटोया गेला तेव्हा ही गाडी ड्रायव्हर सोडून सुमारे १,५४० किलोची होती. म्हणजे वजन अडीच पटीहून जास्त, इंजिन दणकट, पण रस्त्यावर दाबणारी हवा त्यामानाने फारच कमी. टायर अरुंद, गिअर चारच आणि तेही हाताने टाकायचे.

मी एकदा मामाचा माल भरलेला टेम्पो चालवला होता. रोज बाइक चालवणारा मी, वळणावर सवयीने उशिरा ब्रेक मारला. टेम्पो थांबला, पण मागचा माल थांबायला तयार नव्हता! मामा शेजारून एवढंच म्हणाला, “अरे, गाडीला सांगून वळव.” स्टॉक कारचं थोडंफार तसंच आहे. वजन आधी पुढे येऊ द्यायचं, मग बाजूला, मग मागे. घाई केली की ती ऐकत नाही.

सांगायचं कसं?

दुसरा बदल माझ्या मते याहून मोठा. फॉर्म्युला वनमध्ये गाडीवरचे सेन्सर सगळी माहिती इंजिनिअरच्या स्क्रीनवर पाठवत असतात. ड्रायव्हर काही बोलला नाही, तरी त्यांना बरंच कळतं. नासकारच्या शर्यतीत तेव्हा अशी थेट माहिती पाठवायला परवानगी नव्हती. गाडी कशी चाललीय हे ड्रायव्हरनेच रेडिओवर सांगायचं. ‘लूज’ म्हणजे मागची बाजू बाहेर पळतेय. ‘टाइट’ म्हणजे नाक वळतच नाही. वळणात शिरताना, मध्यात की बाहेर पडताना, हेही सांगायचं. त्यावरून पिटमध्ये एक जण पाना घालून मागच्या स्प्रिंगचा ताण थोडा बदलतो. थोडाच, पण तेवढ्यावर शर्यत फिरते.

आणि शर्यत चालते तीन-चार तास. ऊन उतरतं, डांबर थंड होतं, टायरचं रबर ट्रॅकवर बसतं. दुपारी छान पळणारी गाडी संध्याकाळी हट्टी होते. लहानपणापासून ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर वाढलेल्या पोरांना पुढे काय होणार हे आधीच जाणवतं. मोंटोयाला ते तिशी ओलांडल्यावर शिकायचं होतं, तेही वर्षाला ३६ शर्यती आणि प्रत्येक शर्यतीत ४३ गाड्या, अशा गर्दीत.

म्हणून त्याचा पहिला मोठा विजय कुठे आला बघा. जून २००७, सोनोमा. हा डावी-उजवी वळणं असलेला ट्रॅक. ३२ व्या स्थानावरून सुरुवात करून तो जिंकला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदितही ठरला. दुसरा विजय २०१० मध्ये वॉटकिन्स ग्लेनला, तोही तसलाच ट्रॅक. अडीचशेहून जास्त शर्यतींत दोनच विजय, ओव्हलवर एकही नाही. आकड्यांवर गेलात, तर रीलखालची कमेंट खरी वाटेल.

साठच्या काट्यावर

पण आता इंडियानापोलिसला चला. जुलै २००९, ब्रिकयार्ड ४००. चार किलोमीटरचा ओव्हल, १६० लॅप. मोंटोया त्यातले ११६ लॅप आघाडीवर होता. मागचे सगळे लांब. ज्याला ओव्हल जमत नाही म्हणायचे, तो सगळ्यांना ओव्हल शिकवत होता.

३५ लॅप उरलेले असताना तो शेवटच्या पिट स्टॉपला आला. बाहेर पडला आणि निरोप आला: पिट लेनमध्ये वेग ओलांडला, दंड. तो रेडिओवर भडकला, मी वेग ओलांडलाच नाही म्हणत राहिला. दंड टळला नाही. पिट लेनमधून पुन्हा जावं लागलं आणि तो ११ वा आला.

मर्यादा ताशी ५५ मैलांची, वर पाच मैलांची सूट. त्याचा वेग भरला ६० च्या किंचित वर. म्हणजे मैलाच्या अगदी छोट्या अंशाने शर्यत गेली.

आता गंमत ऐका. फॉर्म्युला वनमध्ये पिट लेनसाठी एक बटण असतं. दाबलं की गाडी मर्यादेपुढे जातच नाही. नासकारच्या गाडीत ते बटण नाही. त्याहून कहर म्हणजे स्पीडोमीटरच नाही! शर्यतीआधी सगळे पेस कारच्या मागे पिट लेनच्या वेगाने फिरतात आणि ठरलेल्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे किती होतात ते ड्रायव्हर लक्षात ठेवतो. नंतर त्याच काट्यावर चालायचं. जिंकायला निघालेला माणूस त्या काट्याच्या अगदी टोकावर चालतो, कारण तिथेही वेळ वाचतो. मोंटोया नवखा होता म्हणून त्या टोकावर नव्हता. तो मुरलेल्या खेळाडूसारखा धोका पत्करत होता आणि केसभर पलीकडे गेला.

पुढच्या वर्षी, पुन्हा तिथेच. त्याने ८६ लॅप आघाडी घेतली, इतर कुणाहून जास्त. शेवटच्या टप्प्यात त्याच्या टीमने चार टायर बदलले, इतरांनी दोनच. तो मागे पडला, गर्दीत अडकला आणि भिंतीवर आदळला. जिंकला कोण? त्याचाच टीममेट, जेमी मॅकमरे.

बाकीच्यांचं काय झालं?

टोनी स्ट्यूअर्टही ओपन-व्हीलमधून आला आणि नासकारचा तीनदा चॅम्पियन झाला. पण तो मातीच्या छोट्या ओव्हलवर लहानाचा मोठा झालेला. डारिओ फ्रँकिटी २००७ चा इंडी ५०० विजेता. २००८ मध्ये नासकारला गेला, टालाडेगाला घोट्याचं हाड मोडलं, प्रायोजक मिळेना म्हणून हंगाम अर्धा असतानाच त्याची टीम बंद झाली. तो परत गेला आणि सलग तीन वर्षं इंडीकारचा चॅम्पियन झाला. गाडी बदलली म्हणून माणसाचा वेग संपत नाही, एवढं तरी यातून कळतं.

आणि आपला नारायण कार्तिकेयन! भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर. २०१० मध्ये तो नासकारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलसारख्या चिंचोळ्या ट्रॅकवर पहिल्याच शर्यतीत १३ वा आला. त्या वर्षी त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्यालाच निवडलं.

मग फ्लॉप की नाही?

२०१३ संपलं आणि मोंटोयाची नासकारमधली जागा गेली. वय ३८. लोकांनी त्याला मोडीत काढलं. तो पेन्स्के टीमकडून ओपन-व्हीलमध्ये परतला. मे २०१५, पुन्हा इंडियानापोलिस. सुरुवातीलाच मागून धक्का बसला, गाडीचा मागचा भाग बदलावा लागला, तो ३० व्या स्थानावर फेकला गेला. आणि तिथून तो जिंकला. पहिल्या विजयानंतर १५ वर्षांनी.

त्या दिवशी त्याला गडबड करताना मी पाहिलं नाही. थांबला, गाडी थोडी थोडी सुधारून घेतली, शेवटी भिडला. नासकारच्या सात वर्षांनी त्याला हे शिकवलं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

फॉर्म्युला वन, इंडीकार आणि नासकारची मुख्य मालिका, तिन्हीकडे जिंकलेल्यांत डॅन गर्नी आणि मारिओ आंद्रेटी यांच्या शेजारी मोंटोयाचं नाव आहे. तेव्हा व्हॉइस नोटवाल्या मित्रा, उत्तर असं: त्याने अपेक्षेपेक्षा कमी जिंकलं, हे खरं. पण ज्या कामात आपण जगातल्या पहिल्या दहांत आहोत ते सोडून, जिथे पोरंसोरंही आपल्याहून जास्त जाणतात तिथे जाऊन बसायचं आणि तिसऱ्या वर्षी ११६ लॅप सगळ्यांच्या पुढे राहायचं, याला मी तरी फ्लॉप म्हणणार नाही.

तुम्हाला काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवा. आणि ती २००९ ची शर्यत शोधून बघा. रील नको, पूर्ण बघा. भेटू पुढच्या भागात!