डुलत्या होडीचा पहारेकरी

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरून ठेवलेल्या शिडाच्या होडीत कोणी शिरले, तर ते कळावे कसे? हालचाल टिपणारा संवेदक बसवावा, हे उत्तर सोपे वाटते. पण होडी स्वतःच सतत हलत असते! तिचे हेलकावे मोजणारी घंटा रात्रभर वाजेल आणि कंटाळून मालक ती बंदच करील.

घरात वापरतात तो अवरक्त संवेदक चालेल का? आपले शरीर सुमारे ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक उष्णता उत्सर्जित करते. संवेदकात दोन संवेदी तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली, तर परिणाम शून्य. माणूस आडवा गेला, की आधी एकावर, मग दुसऱ्यावर किरण पडतात आणि घंटा वाजते.

डेकवर हा संवेदक फसतो. होडी डुलली, की त्याच्यापुढून पाणी, आकाश, शेजारच्या होड्या सरकतात. बंद केबिनमध्ये मात्र भिंती, बाके आणि संवेदक एकत्रच डुलतात. तेथे वेगळा हलतो तो आगंतुकच! खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसाही हलतो, म्हणून पडदा हवा. सूक्ष्मलहरींचा संवेदक येथे नको. त्या लहरी फायबरच्या भिंतीतून पार होऊन बाहेरच्या लाटाही टिपतात.

उन्हाळ्यात केबिन शरीराइतकी तापली, तर अवरक्त संवेदकाला माणूस नीट ‘दिसत’ नाही. म्हणून जोडीला दारावर चुंबकीय स्विच बसवणे उत्तम.

सापेक्ष गती शिकवताना आपण विद्यार्थ्यांना हेच विचारू या : होडीत कोण हलते, आणि कोणाच्या सापेक्ष?