लहान राष्ट्रें आणि हेगचें न्यायासन

मात्स्यन्याय हा शब्द आपल्या राजनीतिशास्त्रांत फार जुना आहे. दंड धारण करणारा कोणी नसेल, तर पाण्यांतील मोठा मासा ज्याप्रमाणें लहान माशास गिळतो त्याप्रमाणें बलवान् मनुष्य दुर्बळास गिळून टाकील, असें आपले प्राचीन आचार्य सांगून गेले. राज्याच्या सीमेच्या आंत हा बोध सर्व सुधारलेल्या लोकांनीं मानला; परंतु राज्याराज्यांमधील व्यवहारांत मात्र माशांचाच न्याय अगदीं अलीकडेपर्यंत निर्वेध चालू होता. एका माणसाचा जीव घेणारास न्यायाधीशापुढें उभें राहावें लागे, आणि लाखों माणसांचा संहार करविणारा राज्यकर्ता आपल्या सिंहासनावर सुखानें बसून राही! हा प्रकार मोडण्याचा एक प्रयत्न आपल्या हयातींत सुरू झाला आहे. त्यांत लहान राष्ट्रांनीं विनाविलंब सामील व्हावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग व टोकियो येथें जेत्या राष्ट्रांनीं जितांच्या पुढाऱ्यांवर खटले चालविले. टोकियोच्या न्यायासनावर आपले डॉ. राधाबिनोद पाल हे होते. त्यांनीं १९४८ सालीं सर्व आरोपींस निर्दोष ठरविणारें स्वतंत्र निकालपत्र लिहिलें. अपराध घडून गेल्यावर केलेला कायदा आणि केवळ जेत्यांनीं मांडलेलें आसन, यांस न्याय कसें म्हणावें, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. या आक्षेपास खरें उत्तर एकच असूं शकतें: कायदा आधीं लिहिलेला असावा, न्यायालय कायमचें असावें, आणि त्याचे न्यायाधीश अनेक राष्ट्रांनीं निवडलेले असावे.

ही कल्पना संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरांत कित्येक वर्षें पडून होती. १९८९ सालीं तिच्यावरील धूळ झाडली ती कोणा महासत्तेनें नव्हे. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद व टोबॅगो या चिमुकल्या राष्ट्राचे तेव्हांचे पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन यांनीं तो विषय पुन्हा पुढें आणला. मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार करणाऱ्या टोळ्यांना आवरणें एकट्या लहान देशास अशक्य आहे, हा त्यांचा अनुभव होता. पुढें १७ जुलै १९९८ रोजीं रोम येथें करार संमत झाला. १२० राष्ट्रें अनुकूल, ७ प्रतिकूल व २१ तटस्थ राहिलीं. मौज अशी कीं, मादक द्रव्यांचा अपराध त्या करारांत शेवटीं आलाच नाहीं! तरीहि त्रिनिदाद रुसून बसला नाहीं. सेनेगलनें १९९९ सालीं करारास सर्वांत प्रथम मान्यता दिली, त्यामागोमाग त्रिनिदादनें आणि नंतर सान मारिनो या मूठभर वस्तीच्या राष्ट्रानें. साठ राष्ट्रांची मान्यता मिळतांच १ जुलै २००२ रोजीं करार अंमलांत आला व हॉलंडमधील हेग शहरीं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभें राहिलें. १ जानेवारी २०२५ रोजीं युक्रेन आंत आल्यावर सभासदांची संख्या १२५ झाली.

या न्यायालयाची रचना थोडक्यांत अशी आहे. वंशसंहार, मानवतेविरुद्ध अपराध, युद्धापराध आणि आक्रमण, या चार महापातकांपुरतीच त्याची सत्ता आहे. न्यायाधीश अठरा, मुदत नऊ वर्षांची. त्यांची निवड सभासद राष्ट्रांच्या सभेंत होते, आणि त्या सभेंत प्रत्येक राष्ट्रास मत एकच. फाशीची शिक्षा नाहीं. तीस वर्षांपर्यंत कैद, किंवा अत्यंत घोर प्रसंगीं जन्मठेप. राष्ट्रप्रमुख असो वा सेनापति, पदाच्या आड कोणास लपतां येत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या देशाचीं स्वतःचीं न्यायालयें प्रामाणिकपणें काम करतात, त्याच्या कारभारांत हेगनें हात घालावयाचा नाहीं. घरचा तंटा घरांतच मिटावा. घर मिटवीत नसेल किंवा मिटवूं शकत नसेल, तरच पंचांकडे जावें, असा हा सरळ व्यवहार आहे.

आतां सभासद होण्यापासून दुर्बळ राष्ट्रास प्रत्यक्ष लाभ काय, हें आपल्या शेजारच्याच उदाहरणावरून पाहूं. ऑगस्ट २०१७ पासून ब्रह्मदेशांतील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक जीव मुठींत धरून बांगलादेशांत आले. म्यानमार या कराराचा सभासद नाहीं. तेव्हां त्याच्या सेनाधिकाऱ्यांना हेगचें भय तें कसलें? परंतु बांगलादेशानें मार्च २०१० मध्यें करार मान्य केलेला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, लोकांस बळजबरीनें देशाबाहेर घालविण्याचा अपराध सीमा ओलांडल्यावांचून पुरा होत नाहीं. आणि सीमेच्या अलीकडची भूमि सभासद राष्ट्राची आहे. म्हणून त्याची चौकशी करण्याचा अधिकार या न्यायालयास पोंचतो. नोव्हेंबर २०१९ मध्यें चौकशीस अनुज्ञा मिळाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें म्यानमारचे सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्यावर पकडवॉरंट काढावें असा अर्ज न्यायालयाच्या अभियोक्त्यानें केला. बांगलादेशानें याकरितां म्यानमारवर फौज नेली नाहीं. २०१० सालीं केलेली मान्यता तेवढी त्याच्या पदरीं होती. ती नसती, तर त्या निर्वासितांचें गाऱ्हाणें ऐकण्यास ही वाटहि मोकळी नसती.

दुसरें उदाहरण कोमोरोस या हिंदी महासागरांतील लहान बेटांच्या राष्ट्राचें. ३१ मे २०१० रोजीं गाझाकडे मदत घेऊन जाणाऱ्या जहाजांवर इस्रायली सैन्यानें छापा घातला. त्यांतील मावी मरमरा हें जहाज कोमोरोसच्या नोंदणीचें होतें. सभासद राष्ट्राचें जहाज म्हणजे करारापुरती त्याची भूमीच. या आधारावर २०१३ सालीं कोमोरोसनें हें प्रकरण हेगला नेलें. अभियोक्त्यानें तें पुरेसें गंभीर न मानल्यामुळें खटला उभा राहिला नाहीं, हें खरें. परंतु न्यायाधीशांनीं त्या निर्णयाचा फेरविचार करण्यास त्यास सांगितलें. लहानशा बेटांच्या हांकेस कायद्याच्या भाषेंत उत्तर द्यावें लागलें, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल, अमेरिका, रशिया व चीन बाहेर असतां या न्यायालयास अर्थ काय? शिवाय त्यास स्वतःचे शिपाई नाहींत. मार्च २०२३ मध्यें रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्यावर वॉरंट निघालें. तरी सप्टेंबर २०२४ मध्यें ते मंगोलियास जाऊन परत आले, आणि सभासद असूनहि मंगोलियानें त्यांस अटकाव केला नाहीं. हें वैगुण्य आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. परंतु याच्या उलट ११ मार्च २०२५ रोजीं काय घडलें तेंहि पाहावें. फिलिपाइन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांस त्यांच्याच देशाच्या पोलिसांनीं पकडलें व हेगला पाठविलें. तो देश २०१९ सालीं करारांतून बाहेर पडला होता. परंतु सभासद असतांना घडलेल्या गोष्टींची जबाबदारी बाहेर पडल्यानें सुटत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, या न्यायालयाची दृष्टि आफ्रिकेवरच खिळलेली असते. आरंभींचीं प्रकरणें बहुतेक तिकडचीं होतीं खरीं. पण युगांडा, कांगो, माली या राष्ट्रांनीं तीं आपण होऊन नेलेलीं होतीं. गांबियानें २०१६ सालीं रागानें सभासदत्व सोडण्याची नोटीस दिली, आणि राज्यकर्ते बदलतांच २०१७ सालीं ती मागें घेतली. राष्ट्राला कायदा नको होता कीं त्याच्या सत्ताधाऱ्याला, याचा उलगडा त्यांत झाला.

आमच्या शेजाऱ्यांपैकीं मालदीवनें २०११ सालीं या करारांत प्रवेश केला. नेपाळच्या प्रतिनिधिसभेनें २००६ सालींच सरकारास तसें करण्यास सांगितलें होतें, परंतु तें काम अडून राहिलें. भूतान व श्रीलंका यांनींहि पाऊल उचललेलें नाहीं. जुन्या यादवीचीं प्रकरणें उकरलीं जातील, अशी भीति कोणास वाटत असेल तर ती निराधार आहे. कारण नव्या सभासदाच्या बाबतींत न्यायालयाची सत्ता, तो आंत आल्यानंतरच्या अपराधांपुरतीच सामान्यतः चालते. करार मागचें शोधण्यासाठीं नाहीं, पुढचें टाळण्यासाठीं आहे.

आपला भारत रोम येथें तटस्थ राहिला व आजवर बाहेरच आहे. सुरक्षा समितीस या न्यायालयावर दिलेले अधिकार, अण्वस्त्रांच्या वापराचा अपराधांत न केलेला समावेश, हे त्याचे आक्षेप होते, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. मग आपण बाहेर राहून इतरांस उपदेश कोणत्या तोंडानें करावा? आमचें उत्तर असें: मोठ्या राष्ट्रास वाट पाहणें परवडतें, लहानास परवडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें अधिक सांगावयास नकोच. घराचे नियम कोणासाठीं असतात? मिळवत्या कर्त्या पुरुषास त्यांची गरज क्वचितच पडते; त्याचा शब्द तसाहि चालतो. पोरक्या भाच्यास, विधवा आत्येस, नुकत्याच घरांत आलेल्या धाकट्या सुनेस मात्र त्या नियमांवांचून दुसरा आधार नसतो. म्हणून नियम पाळले जावेत याची काळजीहि त्यांनींच अधिक घ्यावयाची असते. कर्ता पुरुष नियम मोडतो म्हणून धाकट्यांनींहि ते मोडीत काढले, तर त्यांत नुकसान कोणाचें? लहान राष्ट्रांनीं हा विचार करावा, आणि संकट दाराशीं येण्यापूर्वींच करारावर सही करून ठेवावी. संकट आल्यावर केलेली सही मागच्या जखमांच्या उपयोगीं क्वचितच पडते.