ओवी कुणाकडून आली?

बायांच्या आत्मकथनांचा आढावा दर दिवाळीत कुठे ना कुठे येतो आणि रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींपासून सुरू होतो. पुढे पार्वतीबाई आठवले, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे. पुस्तकं मोठीच, पण त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. माझं भांडण वेगळं आहे. आमच्यातल्या काही विद्वानांना अजूनही वाटतं, की बाईने लेखणी धरली तेव्हा तिची गोष्ट सुरू झाली. त्याआधी कितीतरी पिढ्या ती जात्यावर चालूच होती.

जुना कुलवृत्तान्त उघडा. खापरपणजोबांच्याही मागची नावं सापडतील. मुलगी मात्र अमक्यांकडे दिली एवढ्यावर संपते आणि सून सासरचं नाव घेऊनच अवतरते. बायांची गोष्ट या वंशावळीत मावत नाही. ती आईकडून लेकीला मिळते, लेकीबरोबर दुसऱ्या गावी जाते, तिथे सासू, जावा, नणंदा तीत आपलं घालतात आणि पुढच्या सुनेच्या हाती देतात. आडनावाचा धागा धरून तिच्या मागे जाताच येत नाही.

मुळशीतल्या एका वाडीत जात्याच्या एका अंगाला सत्तरीची आजी आणि समोर तिची सून बसली होती. वैरण घालता घालता आजीच्या ओवीत विहिरीत जीव दिलेली एक बाई आली. मी विचारलं, "आजी, ही कोण?"

"माझ्या आत्तेसासूची जाऊ. म्या न्हाई पाह्यली. आत्याबाई गायच्या, त्येच म्या धरलं."

सून लगेच म्हणाली, "इहीर न्हवं, आत्याबाई डोह म्हणायच्या."

खुंटा थांबला. डोह की विहीर, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. डोह नदीचा, म्हणजे ती माहेरच्या वाटेवर गेली; विहीर सासरच्या मळ्यातली. एका शब्दावर दोष कुणाचा ते ठरणार होतं, आणि मरून गेलेल्या जावेची बाजू घेऊन सून ठाम होती.

अशा ओव्यांना एका परिसंवादात भरताड म्हटलं गेलं. अस्सल काय ते राम-सीतेचं, बाकी घरगुती कुरबूर! मला हे तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. सीतेच्या वनवासाची ओवी गाताना बाई कुणाचा वनवास सांगत असते, हे समोर बसलेल्या जावेला बरोबर कळतं.

साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबरांचं लोकसाहित्य समितीचं काम, इंदिरा संतांची 'मालनगाथा' यांचं ऋण आहेच. पण जुन्या संग्रहांत ओव्या बहुतेक विषयवार लागल्या. भाऊ एकीकडे, पंढरी दुसरीकडे, आणि गाणारी गळाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायांच्या साथीने जे उभं केलं, त्याचं मोल मला म्हणूनच सर्वाधिक वाटतं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्याही गाणारीच्या नावागावासह. २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या लोकांसमोर आणतंय.

लेखी परंपरेत या जातकुळीचं पुस्तक म्हणजे बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणच्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवत त्यांनी ते लिहिलं. कागद वर्षानुवर्षं दडून राहिले आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यात आजोळचं वीरगाव आहे, महारवाड्यातल्या आयाबायांचं बाळंतपण आहे, उपास आहे, अंगात येणं आहे. 'मी'पेक्षा 'आम्ही' जास्त. ही एकटीची कहाणी नाही म्हणून तिला आत्मचरित्र म्हणायला कुरकुरणारे भेटले, तेव्हा मी वाद घातला आणि अजूनही घालते.

आता घरोघरी आजीच्या शंभरीची गुळगुळीत स्मरणिका निघते. फोटो रंगीत, आत प्रेमळ, सोशीक, सुगरण. तिचं माहेरचं नाव विचारलं तर नातवंडं एकमेकांकडे बघतात. वीज आली, गिरणी आली, जात्याचा जाच सुटला याचा मला आनंदच आहे. त्या दळणात बायांच्या कंबरा मोडल्या. पण जातं गेलं तसं सासू-सुनेचं समोरासमोर बसणंही गेलं. मोबाइलवर आजीचं गाणं टिपणारी मुलं भेटतात, तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: हे तू कुणाकडून घेतलंस? बहुतेकांनी तो विचारलेला नसतो, आणि मुळशी-मावळात त्याचं उत्तर देऊ शकणाऱ्या बाया आता फार उरलेल्या नाहीत.